पावतीपुस्तक छापण्याआधी

आमच्या भुसावळच्या वस्तीत विहाराच्या अंगाला लागून सिमेंटचे सहा कॉलम तीस वर्षे उभे होते. वर स्लॅब नाही, बाजूला भिंत नाही. डोक्यावर गंजलेल्या सळया तेवढ्या वर आलेल्या. बायका या कॉलमपासून त्या कॉलमला दोरी बांधून गोधड्या वाळत घालायच्या. नवा पाहुणा विचारायचा, "हे काय आहे?" उत्तर मिळायचे, "सभागृह होणार होते. पैसे खाल्ले." कोणी खाल्ले हे मोठ्याने सांगत नसत. मी जवळपास असले की सांगणाऱ्याचा आवाज आणखी खाली यायचा. कारण त्या बांधकामाचे खजिनदार माझे वडील होते.

नाना रेल्वेत फिटर होते. १९९१ साल म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे. वस्तीत उत्साहाला नुसते उधाण आले होते. एका सभेत ठरले की मुलांच्या अभ्यासासाठी आणि समाजाच्या कार्यासाठी सभागृह बांधायचे. सभा रात्री संपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावतीपुस्तके छापायला गेली. खर्च किती येईल, हे एका गवंड्याने चहा पिता पिता सांगितले. "लाखभरात होऊन जाईल." तेवढ्या एका वाक्यावर काम सुरू झाले. दर घरी १०१ रुपये वर्गणी, ऐपत असेल त्याने जास्त द्यावी. पायाभरणी झाली, मिरवणूक निघाली, भोजनदान झाले. कॉलम उभे राहिले आणि पैसे संपले. सिमेंट-सळईचे भाव चढले होते, पावसाळा तोंडावर होता. दुसऱ्यांदा वर्गणी मागायला मंडळी निघाली तेव्हा लोकांनी विचारले, "आधीच्या पैशांचा हिशोब?"

नानांकडे हिशोब होता. पण माणूस मानी. "माझ्यावर तुमचा विश्वास नाही का?" एवढेच बोलून घरी आले आणि वही पेटीत ठेवून दिली. त्या दिवसापासून वस्तीत कुजबूज सुरू झाली.

नाना २००४ साली गेले. जलदानविधी आटोपल्यावर आम्ही पेटी उघडली. वहीत पैन् पै लिहिलेली होती. जमा ८६,४१५ रुपये. खर्च ८६,३९०. शिल्लक २५. शेवटच्या पानाला वीसची एक आणि पाचची एक अशा दोन नोटा टाचणीने लावलेल्या होत्या. मी टपाल खात्यात काउंटरवर नोकरी केलेली बाई. रोज संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय घरी गेले नाही. ती वही पाहून मी खूप रडले. पण ती घेऊन घरोघर फिरण्याचे धैर्य मलाही झाले नाही. बापासारखीच मीही ती पेटीत ठेवली.

निवृत्तीनंतर मी माहेरच्या वस्तीत राहायला आले. २०२२ च्या जानेवारीत तीन-चार मुले-मुली घरी आली. "आत्या, जयभीम. अभ्यासिका बांधायची आहे. तुम्ही खजिनदार व्हा."

मी सरळ नाही म्हटले. मग त्यांच्यातली एक मुलगी बोलली. पोलीस भरतीची तयारी करीत होती. घरात एक खोली, सहा माणसे, रात्री दहापर्यंत टीव्ही. ती विहाराच्या ओट्यावर दिव्याखाली अभ्यास करायची. पोरे येता-जाता शेरे मारायची म्हणून धाकट्या भावाला सोबत बसवायची. तो बिचारा तिथेच झोपून जायचा. ती म्हणाली, "आत्या, ते कॉलम आमच्या जन्माच्या आधीपासून उभे आहेत. आम्हीही असेच म्हातारे व्हायचे का?"

मी एका अटीवर हो म्हटले. सहा महिने पावतीपुस्तक छापायचे नाही आणि कोणाकडून एक रुपया घ्यायचा नाही.

मुले नाराज झाली. "आत्या, लोक आत्ता तयार आहेत!" मी म्हटले, "१९९१ लाही तयार होते."

त्या सहा महिन्यांत आम्ही काय केले, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

सर्वांत आधी आम्ही गरज मोजली. दहावीपासून पुढे शिकणारी मुले-मुली वस्तीत किती, घरी बसायला जागा किती जणांना नाही, मुलींना घरून किती वाजेपर्यंत परवानगी मिळेल, हे दारोदार जाऊन लिहून आणले. तेव्हा कळले की मोठे सभागृह नको आहे. चाळीस जणांना बसता येईल अशी खोली, मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आणि रात्री दहापर्यंत वीज हवी आहे. नानांच्या वेळी हे कोणी मुलांना विचारलेच नव्हते.

मग कागदपत्रे काढली. जागा कोणाच्या नावावर आहे? मंडळाची नोंद धर्मादाय कार्यालयात होती, पण नोंदीवरच्या विश्वस्तांपैकी तिघे हयात नव्हते. नव्या विश्वस्तांचा बदल अर्ज भरावा लागला. राहून गेलेले लेखापरीक्षण करून घेतले. नगरपालिकेची बांधकाम परवानगी मागितली. कोणी सुचवले की कर्ज काढू. चौकशी केली तेव्हा समजले की सार्वजनिक न्यासाला कर्ज काढायचे तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. तो विचार सोडला. अभ्यासिकेसाठी बँकेत वेगळे खाते उघडले. त्यावर तिघांची नावे आणि कोणत्याही दोघांच्या सह्या. आयकरात देणगीदाराला सवलत मिळते, ज्याला आपण ८०जी म्हणतो, त्यासाठी अर्ज केला. पगारदार माणूस हे पहिल्यांदा विचारतो. २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीने दिली तर ती सवलत मिळत नाही आणि जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्यालाच तिचा उपयोग होतो, हे आम्ही आधीच समजून घेतले. मागायला गेल्यावर चुकीचे सांगायचे आणि मग तोंड लपवायचे, असे नको होते.

नवे खाते उघडले तेव्हा त्यात पहिला भरणा मी केला. २५ रुपये. तपशिलात लिहिले, "१९९१ च्या बांधकामाची शिल्लक." त्या दिवशी संध्याकाळी विहारात वंदनेनंतर मी उभी राहिले आणि नानांची वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचली. पाऊण तास लागला. कोणाच्या आजीचे ११ रुपये, कोणाच्या वडिलांचे ५१, कोणी दिलेली सिमेंटची दोन पोती. कोणी काही बोलले नाही. माझ्या पाठीमागे कुजबूज करणाऱ्यांपैकी एक काका बाहेर पडताना दारात थांबले, चप्पल शोधत असल्यासारखे. मग म्हणाले, "पोरी, हे तेव्हाच वाचायला पाहिजे होते." खरे होते. नाना प्रामाणिक होते, पण प्रामाणिकपणा पेटीत बंद असेल तर समाजाला तो कसा दिसणार?

मग अंदाजपत्रक. या वेळी आम्ही इंजिनिअरकडे गेलो. त्याने आधी ते जुने कॉलम तपासले. हातोडीने ठोकून पाहिले, सळया पाहिल्या आणि म्हणाला, "यावर छत टाकता येणार नाही. पाडावे लागतील." माझ्या पोटात गोळा आला. नानांच्या हातचे काम म्हणून तेवढेच उरले होते. पण ज्या छताखाली चाळीस लेकरे बसणार, ते माझ्या भावनेवर कसे उभे करायचे? ते पाडले आणि त्यांचा राडारोडा नव्या जोत्याच्या भरावात घातला.

साडेआठशे चौरस फुटांच्या बांधकामाला १८०० रुपये दराने १५ लाख ३० हजार. टेबले, खुर्च्या, पंखे, दिवे २ लाख २० हजार. पुस्तके आणि कपाटे १ लाख. नकाशा, परवानगी, वीज-पाण्याची जोडणी १ लाख. भाववाढीसाठी दीड लाख. आणि ३ लाखांची मुदत ठेव, तिच्या व्याजातून वीजबिल आणि झाडलोट. एकूण २४ लाख. ठेवीवरून वाद झाला. "इमारत होऊ द्या, वीजबिलाचे पाहू पुढे." मी म्हटले, बांधकामाला लोक देतात, कारण ते डोळ्यांना दिसते. वीजबिलाला कोणी देत नाही. ते आत्ताच मागितले पाहिजे.

२४ लाखांचा आकडा ऐकून सगळे गप्प झाले. एकाने भागाकार केला. "तीनशे घरे. दर घरी ८,००० रुपये."

बंधू-भगिनींनो, आपली वर्गणी फसते ती या भागाकारामुळे. भांडी घासणारी बाई ८,००० कुठून आणणार? आणि आपल्यातला जो अधिकारी दोन लाख देऊ शकतो, तो ८,००० देऊन मोकळा होतो, आपले कर्तव्य झाले म्हणतो. समान वर्गणी दिसायला समतेची, पण तिचे ओझे गरिबावर जास्त पडते. म्हणून आम्ही उलटा हिशोब मांडला. दोन लाखांच्या २ देणग्या, एक लाखाच्या ५, पन्नास हजारांच्या १०, पंचवीस हजारांच्या २०, दहा हजारांच्या ३०. या ६७ देणग्यांतून २२ लाख होतात. उरलेले दोन लाख सगळ्या वस्तीने, ज्याला जमेल तसे.

मग नावे लिहायला बसलो. एका देणगीसाठी तीन नावे, कारण तिघांकडे गेल्यावर एक होकार मिळतो असे धरून चालायचे. वस्तीतून शिकून बाहेर गेलेली मुले कुठे कुठे आहेत, हे आम्हाला पहिल्यांदाच नीट कळले. कोणी पुण्याला, कोणी नागपूरला, कोणी दुबईला. परदेशातल्या पैशाचे काय, हाही प्रश्न आला. आपला माणूस भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. मात्र त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर विदेशी देणगीचा कायदा लागू होतो आणि त्याची नोंदणी नसताना पैसा घेता येत नाही. अशी दोन नावे आम्ही यादीतून बाजूला ठेवली.

एक नियम मुलांनी केला, त्याचे मला कौतुक वाटते. मागायला जाणाऱ्याने आधी स्वतः द्यायचे. मी ५० हजारांचा आकडा लिहिला. भरतीची तयारी करणाऱ्या त्या मुलीने दरमहा २०० रुपये लिहिले. शिकवणीच्या पैशांतून. तिच्यासमोर बसून एखादा पगारदार "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायला कचरायचा.

जाहीर सभा, फलक, मिरवणूक काही केले नाही. आधी यादीतल्या माणसांकडे गेलो. फोनवर मागायचे नाही, दोघांनी घरी जायचे. दोघांपैकी एक त्यांच्या ओळखीचा हवा. अंदाजपत्रक समोर ठेवायचे, आकडा स्पष्ट सांगायचा आणि मग गप्प बसायचे. हे गप्प बसणे सर्वांत अवघड. आपण घाईने म्हणतो, "नाहीतर कमी द्या, काही हरकत नाही." आणि समोरचा कमी देतो.

पुण्याला एका साहेबांकडे गेलो. वस्तीतलाच मुलगा, आता मोठ्या हुद्द्यावर. दोन लाख मागितले. त्यांनी चहा दिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आत्या, १९९१ च्या पैशांचे काय झाले?" मी पिशवीतून वही काढली. ते पाने उलटत गेले. एका पानावर थांबले. त्यांच्या आईचे नाव होते. ५१ रुपये, तीन हप्त्यांत. आई शेतमजुरीला जायची. ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मला वाटले, आता दोन लाख मिळणार. पण त्यांनी अंदाजपत्रक मागून घेतले, प्रत्येक बाबीवर प्रश्न विचारले आणि म्हणाले, "एक लाख देईन, तीन हप्त्यांत. दुसरा हप्ता जोते झाल्यावर, तिसरा छत झाल्यावर." बाहेर आल्यावर सोबतचा मुलगा हिरमुसला. मी म्हटले, नाराज होऊ नकोस. असा देणगीदार नानांना मिळाला असता तर कॉलम उघडे राहिले नसते. लेखापरीक्षणाचा अहवाल पाठवल्यावर त्याच साहेबांनी न मागता आणखी ५० हजार पाठवले.

दहा महिन्यांत साडेचौदा लाखांचे लेखी शब्द मिळाले, नऊ लाख खात्यात जमा झाले. तेव्हा एक मोह समोर आला. निवडणुकीची तयारी करणारे एक गृहस्थ म्हणाले, "उरलेले सगळे मी देतो. दारावर माझे नाव टाका." बैठकीत दोन तट पडले. थकलेली मुले म्हणाली, घेऊन टाकू. कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या आईने विचारले, "मंग आमचं काय? मी शंभर रुपये ठेवलेत बाजूला."

मला जेतवनाची गोष्ट आठवली. अनाथपिंडिकाने जेत राजकुमाराचे उद्यान सुवर्णमुद्रा अंथरून घेतले, हे आपल्याला माहीत असते. पण दाराजवळचा थोडा भाग राहिला आणि मुद्रा संपल्या. तो आणखी आणायला माणसे पाठवू लागला तेव्हा जेत म्हणाला, एवढी जागा राहू दे, ती माझी देणगी. अनाथपिंडिकाने ते मान्य केले. एवढा मोठा दाता, तरी त्यानेही दुसऱ्याच्या दानासाठी जागा ठेवली. मी बैठकीत हीच गोष्ट सांगितली. ठरले की एका माणसाकडून दोन लाखांपेक्षा जास्त घ्यायचे नाही आणि दारावर कोणाचेही नाव घालायचे नाही. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

मग जाहीर मोहीम. २६ नोव्हेंबर २०२२, संविधान दिन. त्या दिवशी पहिल्यांदा पावतीपुस्तक बाहेर आले. लोकांना सांगताना आमच्याकडे रिकामी झोळी नव्हती, निम्म्याहून जास्त रक्कम नावानिशी सांगता आली. दरमहा १०० रुपयांचे कार्ड काढले. टपालात आवर्ती ठेवीच्या खिडकीवर मी पाहिले आहे की मोलकरीण बाई एकदम हजार देऊ शकत नाही, पण दरमहा शंभर न चुकता भरते. मोबाईलवरून पैसे घेण्याची चौकट मंडळाच्या खात्याचीच लावली, कोणा कार्यकर्त्याच्या नाही. आठ दिवसांत पावती आणि आभाराचे पत्र. दर पौर्णिमेला वंदनेनंतर जमा-खर्चाचे वाचन आणि फळ्यावर आकडे.

सगळे सुरळीत झाले असे नाही. लेखी शब्द दिलेल्यांपैकी काहींनी दिले नाहीत. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरी आजारपण आले. एकूण शब्द २५ लाख ६० हजारांचे होते, हातात २४ लाख ३० हजार आले. म्हणून शब्द थोडे जास्तीचेच मिळवावेत. बांधकामाचा खर्च १ लाख १० हजारांनी वाढला. तो भाववाढीच्या तरतुदीतून निघाला, कोणाच्या दारात पुन्हा जावे लागले नाही. आणि साठ टक्के रक्कम खात्यात आल्याशिवाय कुदळ मारायची नाही, हा नियम आम्ही पाळला. त्यामुळे काम तीन महिने उशिरा सुरू झाले, पण मध्ये थांबले नाही.

या काळात मी वारंवार एका गोष्टीचा विचार करायची. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्या वर्षी सोलापूरला वसतिगृह निघाले. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. आधी संस्था, मग इमारत. आपण मात्र आधी कोनशिला बसवतो आणि मग संस्थेची घटना शोधत फिरतो.

जून २०२४ मध्ये अभ्यासिका उघडली. दारावर नाव नाही. आत भिंतीवर एका चौकटीत सगळ्या देणगीदारांची यादी आहे, आकडे न लिहिता, अकारविल्हे. तिच्या शेजारी दुसरी चौकट, १९९१ च्या देणगीदारांची. ती नानांच्या वहीवरून उतरवून घेतली. त्यांचे पैसे वाया गेले नाहीत, जोत्यात आहेत.

त्या मुलीची भरती पहिल्या खेपेला हुकली. ती आता रोज संध्याकाळी येते, कोपऱ्यातल्या टेबलावर बसते. धाकटा भाऊ आता सोबत लागत नाही. तो घरी झोपतो.

आपल्या वस्तीतही असे उघडे कॉलम असतील, किंवा उद्या कोणी म्हणेल, चला बांधू. जरूर बांधा. पण पावतीपुस्तक छापण्याआधी एक साधी वही घ्या. कशासाठी, किती, कोणाकोणाकडून, कधीपर्यंत आणि बांधून झाल्यावर चालवणार कसे, एवढे तिच्यात लिहा. आणि ती वही पेटीत ठेवू नका. चारचौघांत मोठ्याने वाचा, आकडा जुळत नसेल त्या दिवशीसुद्धा.

जयभीम.